काशीफळाला सुरी लावणारा

निजामाच्या अख्ख्या मुलखात सरकारी अंमलदाराला बोट दुमडायला लावणारी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती सेलूतली माझी घरमालकीण होती. महसुलाचे गिरदावरसाहेब कसल्याशा पाहणीसाठी आमच्या गल्लीत आले होते. घराच्या सपाट माळवदावर चढलेल्या वेलाला लिंबाएवढं काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, नुकतं धरलेलं. साहेबांनी घोड्यावरूनच त्याच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ये क्या है?" आक्का (सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणे) पदर सावरत पुढं आल्या. "सायेब, बोट दुमडा आधी. कवळ्या फळाला बोट दावलं की सडतंय ते." साहेबांना मराठी बेताचीच, शिपायानं उर्दूत समजावलं. साहेबांनी क्षणभर विचार केला, बोट दुमडलं आणि दुमडलेल्या पेरानं तिकडे दाखवत तोच प्रश्न पुन्हा विचारला. "काशीफळ," आक्का म्हणाल्या. पाहणी संपली.

मी कोकणातला. चौथीत शाळा सुटली आणि एका ओळखीच्या फिटरच्या मागं मागं फिरत मी सेलूच्या जिनात, कापसाची सरकी काढणाऱ्या यंत्रांना तेल द्यायच्या कामावर लागलो. खोली कोणी देईना. एकटा, परमुलखातला, त्यात हेल काढून बोलणारा. आक्कांनी मात्र गाव विचारलं नाही की भाडं सांगितलं नाही. पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून म्हणाल्या, "सुरी चालवता येती का?" दिवस दंग्याधोप्याचे, या प्रश्नानं कुणालाही घाम फुटावा असे होते. मी घाबरून खरं तेच सांगितलं, की घरी मासे कापत होतो. आक्का पक्क्या शिवभक्त. कांदासुद्धा जपून चिरणाऱ्या. त्यांनी डोळे मिटले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, "शिवा, शिवा" म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "इथं मासळी न्हाई. काशीफळ हाय."

भानगड अशी, की अख्ख्या काशीफळाला पहिली सुरी बाईनं लावायची नाही. त्याला घरच्या थोरल्या मुलासारखं मानतात. घरातल्या पुरुषानं त्याच्या दोन फाका करून द्याव्यात, मग बाईनं हवं ते करावं. आक्कांचे यजमान वारलेले, मूलबाळ नाही, बोरीला दीर होते पण त्यांच्याशी बोलणं बंद. आणि वेलाला फळं अशी लागत, की माळवद दबेल की काय असं वाटावं. माझ्याआधी त्या वाटेनं जाणाऱ्याला हाक मारत. एकदा कासाराला बांगड्यांची माळ खाली ठेवायला लावून त्याच्याकडून त्यांनी फळ कापून घेतलं होतं. पण परक्याची सुरी लागलेलं काशीफळ गोड लागत नाही, असं त्यांचं मत पडलं. म्हणून त्यांनी भाडेकरू ठेवला. मी दर चार दिवसांनी सुरीला धार लावत असे. फाक वाकडी गेली तर खोली जाईल, ही धास्ती मला सुटली नाही. फाल्गुनात माळवदावरची फळं संपत आली की माझी झोप उडे.

परसात तीनच गोष्टी: मका, वाल आणि काशीफळ. बी सोनपेठचं, त्यांच्या माहेरचं. लग्नात पदराला बांधून आणलेलं. मका हातभर झाला की त्याच्या बुडाशी वाल टोचायचा, आणि उकिरड्याच्या कडेला काशीफळ. वाल मक्यावर चढे, काशीफळाचा वेल खाली पसरत पसरत भिंतीवरून माळवदावर जाई, आणि सकाळची पूजा आटोपली की आक्का त्यांच्यात जाऊन बसत. "मका म्हंजे आमचे हे," त्या एकदा मला समजावून सांगत होत्या. "उंच, ताठ, डोस्क्यावर तुरा, आन जरा वारं सुटलं की लय आवाज. वाल म्हंजे आमचे दीर. दुसऱ्याच्या अंगावरून वर जायचं. आन काशीफळ मी. बूड टेकलं तिथं पसरले." यजमानांवर राग आला तर त्या मक्याला एक दिवस पाणी देत नसत, वारलेल्या माणसाशी भांडायची सोय असावी लागते. उत्तम कणसं बियाण्याला म्हणून चुलीवर धुरात टांगलेली असत. त्यांत तांबडे, पांढरे, काळे दाणे एकाच कणसात. पाहुण्यानं त्यातला एक जरी दाणा तोंडात टाकला तरी आक्का त्याला पुढच्या हंगामापर्यंत ओळख देत नसत. बी कुणाला हातात द्यायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, घेणाऱ्यानं वाकून उचलायचं. "बी घेताना माणूस वाकला पायजे," म्हणायच्या.

मला जेवणाचे पैसे कधी पडले नाहीत. ताकातल्या मक्याच्या कण्या, वालाची उसळ, सणाला काशीफळाच्या गोड घाऱ्या. सुरी लावण्याच्या मानानं हे फार होतं, हे मला दर घासाला कळत असे.

मग दीर वारले. आक्का बोरीला जाऊन आल्या आणि येताना पुतण्याला घेऊन आल्या. मॅट्रिक झालेला, उर्दू फर्डी, तहसील कचेरीत चिकटायला आलेला. देखणा, उंच, अगदी मक्यासारखा. घरातला पुरुष म्हणतात तो हा. जास्तीची खोली एकच, आणि तिच्यात मी. आता सांगायचं काय राहिलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळवदावरून सगळ्यांत मोठं काशीफळ उतरवलं. मी वळकटी बांधली, सुरी पुसून ओट्यावर ठेवली आणि जिनात गेलो. सुटल्यावर मुद्दाम गावभर खोली विचारत हिंडलो. कुठंच मिळाली नाही. दिवेलागण उलटल्यावर वळकटी तरी न्यावी म्हणून परत आलो.

चूल नुसतीच धुमसत होती. काशीफळ पाटावर, अख्खं. एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला भुकेनं चेहरा उतरलेला पुतण्या.

"कुठं हिंडायलास?" आक्का म्हणाल्या. "कवाधरनं बसलोत आमी."

"मी म्हटलं होतं, मी कापतो," पुतण्या म्हणाला. "काकी सुरीला हात लावू देईनात."

"तू पाव्हणा हायस," आक्का त्याला म्हणाल्या. "घरातलं माणूस जिनातून यायचं होतं." मग माझ्याकडे वळून, "हात धू. आन ती वळकटी सोड. पोरगं तुझ्याच खोलीत निजंल. घोरतंय म्हनं, तू बघ."

मी हात धुतले. त्या दिवशी फाक वाकडी गेली. आक्कांनी ती तशीच उचलून चिरायला घेतली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, जिन बंद पडला आणि मी कोकणात परतलो. निघताना आक्कांनी तिन्ही बियांची पुरचुंडी जमिनीवर ठेवली. मी वाकून उचलली. आमच्या पावसात मका नीट होत नाही, वाल बरा येतो, काशीफळ मोठं होतं पण पाणचट लागतं. माझी बायको ते विळीवर घेते आणि बसल्या बसल्या चिरते. कुणासाठी थांबत नाही. जेवण वेळेवर होतं. माझी काही तक्रार नाही. फक्त कधी घरी यायला उशीर झाला, तर मी चपला काढण्याआधी दारातून स्वयंपाकघरात डोकावतो. पाटावर काही अख्खं आहे का, एवढंच बघतो.