आईच्या दुधाची ओळख

देव आहे की नाही, या भानगडीत डायलिसिसच्या खुर्चीत बसेपर्यंत मी कधी पडलोच नव्हतो. जन्म मेंढपाळाच्या घरातला, त्यामुळे बिरोबा घरचाच. कपाळाला भंडारा लावायचा आणि कामाला लागायचं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मात्र मी त्याच्यावर चिडलो. बायकोनं पुढे केलेला भंडाराही घेईना. सोलापूरच्या दवाखान्यात सुया टोचून घ्यायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढंच उरलं होतं.

अशात मंगळवेढ्याहून माझी थोरली बहीण आली. माझी एक किडनी घे, म्हणाली. तपासण्या झाल्या, पण आमचं निम्मंच जुळलं. माझ्या अंगानं ती परकी समजून नाकारली तर? मी जाईन तो जाईन, अक्काचीही किडनी फुकट जाईल, या विचारानं जीव टांगणीला लागला. नको म्हणून सांगायलाच मी तिला घेऊन डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "लहानपणी आईच्या अंगावर किती दिवस पीत होता?"

माझी मान खाली गेली. अहो, हीच तर माझी जन्माची चेष्टा! आई मेंढरांमागं रानोरान फिरायची, आणि मी शाळेत घालायच्या वयाचा झालो तरी पीतच होतो. अंगावरचं तोडायला आमच्याकडे छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. आईनंही लावला, पण मी रडून रडून तापानं फणफणलो, तेव्हा तिनं तो पदरानं पुसून टाकला. बिरोबा देतोय तवर पिऊ दे, म्हणाली. त्यावरून मला सगळ्यात जास्त चिडवायची ती अक्काच, आणि आता तिनंच हे सगळं हसत हसत सांगून टाकलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की जुळणीत जे बघतात, ते वडिलांकडून आम्हा दोघांना सारखंच आलंय. फरक आहे तो आईकडचा. तिचा जो भाग माझ्यात आला नाही, तो अक्कात आलाय. पण आईच्या पोटात असताना आणि पुढे दुधातून माझ्या शरीराची त्या भागाशी ओळख झालेली असणार. अशी ओळख शरीर कधी कधी जपून ठेवतं, म्हणून ही किडनी टिकायची आशा जास्त. शब्द देता येत नाही आणि गोळ्या कधीच चुकवायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं. आईच्या आठवणीनं मी तिथंच रडलो. घरी येऊन बायकोकडे आपणहून भंडारा मागितला. बिरोबा, आता तू जाण, एवढंच म्हणालो.

अक्काची किडनी आज माझ्यात सुखानं नांदतेय. हा चमत्कार की शास्त्र, ते मला विचारू नका. मी दोघांनाही हात जोडतो. सकाळची गोळी जिभेवर कडू लागली, की पदरानं पुसलेला तो पाला आठवतो. आईला यातलं काय ठाऊक होतं? तिनं पोराचं रडणं ऐकलं आणि बाकीचं देवावर सोडलं. तेवढं सोडायला मला इतकी वर्षं लागली.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर अक्काच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं मला मध्येच धरलं.

"माज्या कशाला पाया पडतोस? आईचंच हाय ते. तुजं ऱ्हायलं हुतं, म्या सांभाळलं, एवढंच की."