बाळाच्या गालावरची भोकं

चूक माझी होती आणि मी ती मित्राच्या माथी जाऊ दिली. रॉकेल आणि निळीचा वास एकत्र आला की अजून ते दिवस आठवतात. शुक्रवार पेठेत आमची आई भरतकामासाठी नक्षी उतरवून द्यायची; कागदावरची रेष सुईने टोचायची, भोकांवरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवायची, की नक्षी कापडावर उमटायची. मी चित्रकलेच्या वर्गात होतो. सरांकडे इटलीतल्या जुन्या चित्रकारांचं एक जाड पुस्तक होतं. "ह्या लोकांनी देवाच्या आईलासुद्धा आपल्यासारखं माणूस केलं," असं ते म्हणायचे. ते पाळीपाळीने घरी न्यायला मिळायचं, आणि त्यातली आई आणि बाळ मला उतरवायची होती. वर पातळ कागद ठेवून घरच्या सवयीने टोचत गेलो. कागद उचलून पाहिलं. सुई खालच्या चित्रातूनही आरपार गेली होती. मी पुस्तक मिटून पुढची पाळी असलेल्या, दुधनी गावाहून आलेल्या वर्गातल्या मित्राला दिलं. दोन दिवसांनी सरांनी ते पान खिडकीपाशी धरलं, तर बाळाच्या गालातून ऊन चमकलं. "मी न्हाय सर, आईची शपथ! आलं तवाच तसं हुतं की," मित्र म्हणाला. सर माझ्याकडे वळले. निळीने माखलेली बोटं मी पाठीमागे लपवली. "माझ्याकडे होतं तेव्हा चांगलं होतं, सर." सरांनी त्याला काढून टाकलं; मित्राचा वर्ग त्या दिवशी सुटला, चित्रंही सुटली. गेल्या महिन्यात दुधनीला त्याच्या दुकानात गेलो. म्हणालो, "ती भोकं मी पाडली होती. भ्यालो आणि खोटं बोललो. मला माफ कर."