बाहेरून कुलूप

आमची इंद्रायणी वहिनी माहेरची घोडेगावची. पुण्यात वसतिगृहात राहून बी.कॉम. करताना तिनं जपानी भाषेची पहिली परीक्षा दिली, आणि दोन हजार तीन साली गोरखदादाशी लग्न होऊन राजुरीला आली तेव्हा रुखवतात दोन जपानी पुस्तकं होती. बघायला आलेल्या बायकांनी ती उलटीसुलटी धरून पाहिली आणि लाडू बरे झालेत म्हणाल्या.

दादा चाकणला कंपनीत होता. तिथं जपानी साहेबांचं बोलणं मराठीत आणणारं माणूस हवं होतं, पण पुढची परीक्षा पास झालेलं. वहिनी पहिल्या खेपेला नापास झाली. मग आमच्या आईनं, म्हणजे कुशाबाईनं, हुकूम सोडला, "औंदा पास झाली तर बरं. न्हाईतर पुस्तकं माळ्यावर. घरात कामं काय कमी हायेत?"

त्यामुळं वहिनी लसूण सोलतानाही घोकायची, आणि ते सगळ्या घराला ऐकावं लागायचं. त्यात तिचा सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो कर्मणी प्रयोगानं.

शाळेत मी कर्मणी प्रयोग शिकलो तो एवढाच, की रामाने आंबा खाल्ला. बाई पुढच्या धड्याला लागल्या. आंबा कुणाचा होता, हे कुणी विचारलं नाही. जपानी भाषा नेमकं तेच विचारते, असं वहिनीचं म्हणणं.

सुरुवात सोपी असते. 'मास्तरांकडून सूरज बदडला गेला.' (उदाहरणाला मीच. दुसरं कोण मिळणार?) क्रियापदाच्या शेवटी 'आरेरु' नाहीतर 'रारेरु' जोडायचं, आणि ज्यानं बदडलं त्याच्यामागं 'नि' लावायचं. झालं. पण समजा बिबट्यानं शेळी नेली. आपण म्हणणार, शेळी नेली गेली. जपानी माणूस शेळीपासून सुरुवात करत नाही, शेळीवाल्यापासून करतो. 'मी, बिबट्याकडून, शेळी नेला गेलो.' नुकसान ज्याचं, वाक्य त्याचं.

इथवरही आमच्या गावाला पटण्यासारखं होतं. पुढं मात्र गाडं रुतलं. पाऊस पडतो, पोर रडतं, कुणी घरी येतं, यात कुणी कुणाला हातसुद्धा लावत नाही. तरी त्याचा ताप मला झाला असेल, तर जपानीत तिथंही 'रारेरु' चालतं. पुस्तकात वाक्यच होतं, 'तोमोदाची नि कोरारेते'. मित्र आला, तो माझ्यावर येऊन आदळला, आणि माझा अभ्यास बुडाला. मराठीत हे नीट बसतच नाही.

सरावाच्या पेपरात हा प्रश्न आला की वहिनी हमखास दुसऱ्या पर्यायावर खूण करायची. मित्रानं येऊन माझ्यावर उपकार केले, असा तो पर्याय. दर वेळी चूक.

"पण पाहुण्याला असं कसं म्हणायचं हो आई?" एकदा ती वैतागून म्हणाली.

"कसं म्हंत्यात जपानी?"

"की तो आला आणि माझं नुकसान झालं."

आईनं हातातला लसूण खाली ठेवला. "तोंडावर म्हंत्यात?"

"नाही, पाठीमागं. तोंडावर आदरानं बोलतानाही पुन्हा तेच रूप येतं. मोठे साहेब आले, तर त्यालाही कोरारेता."

"म्हंजे आपल्यावानीच की," आई म्हणाली. "तोंडानं या, बसा, आन् ध्यान पिठाच्या डब्यात."

त्या दिवसापासून 'कोरारेता' आईच्या तोंडी बसला. दुसरा एकही जपानी शब्द तिनं आजवर शिकलेला नाही, आणि तिला गरजही पडली नाही.

आता आमच्या मामाचं सांगतो. गेणभाऊ मामा, आईचा थोरला भाऊ, राहायला मंचरला. वर्षातून एकदा सकाळी ओझरच्या गणपतीला आणि दुपारी राजुरीला जेवायला, हा त्याचा शिरस्ता. आदल्या वर्षी तो परीक्षेच्या आदल्याच दिवशी जीपभर माणसं घेऊन आला होता, आणि वहिनी संध्याकाळपर्यंत पुरण वाटत होती.

औंदाही परीक्षा डिसेंबरातल्या रविवारी, आणि शनिवारी दुपारी रस्त्यावरून तीच जीप आत वळली. ती पहिली आईनं पाहिली.

"इंद्रे, पुस्तक घे आन् आतल्या खोलीत बस. आवाज करू नको." कांद्याच्या चाळीचं मोठं कुलूप तिनं घराच्या दाराला बाहेरून लावलं आणि मला म्हणाली, "तू बी चल. लई हुशारी नको."

आम्ही दोघं गोठ्यामागं जाऊन बसलो. आमच्याकडं पाहुण्याला नाही म्हणायची सोय नाही. कुलूपच तेवढं नाही म्हणू शकतं.

मामानं कुलूप पाहिलं. परत जाईल तो मामा कसला! "येतील की. बसू," म्हणत ओट्यावर बसला. शेजारी सारजामामी. बाकीची माणसं जीपमध्येच पेंगत होती. गोठ्यामागं आईचा जीव खालीवर. सख्खा भाऊ पाण्यावाचून दारात बसलेला. शेवटी तिला राहवलं नाही. पदर सावरत ती पुढं झाली.

"अगं बया! कवा आलासा? चावी गोरखनं नेली बघ चाकनला."

आणि आत कुकरची शिट्टी झाली.

डाळ आईनंच चढवली होती. घाईत विसरली. वहिनीनं धावत जाऊन गॅस बंद केला, पण शिट्टी ती शिट्टी.

"कुशे," मामा म्हणाला, "घरात कोन हाय?"

आईनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा मामाकडं. "सून हाय. उंद्या परीक्षा हाय तिची. मीच कोंडलीया."

"आमी येनार म्हनून?"

"व्हय."

मामा उठला. पाणी न पिता जीपमध्ये जाऊन बसला. बहिणीच्या दारातून भाऊ पाणी न पिता गेला, ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. आई जागची हलली नाही. मामी मात्र चप्पल घालायच्या निमित्तानं रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "कुशाताई, कुलूप कुटनं घेतलंत?"

"आळेफाट्यावरनं."

आईनं त्या दिवशी दार उघडलं ते दिवेलागणीला.

वहिनी पास झाली. पाहुण्याचा प्रश्न पेपरात आलाच नव्हता. नाहीतर, ती म्हणते, या खेपेला बरोबर सोडवला असता. उन्हाळ्यात ती चाकणला कामाला लागली. पुस्तकं अजून खालीच आहेत.

मामा काही वर्षभर फिरकला नाही. शेवटी आईच त्याला भेटायला मंचरला गेली. मी बरोबर होतो. जीप दारात नव्हती, म्हणजे मामा बाहेरगावी. दाराला कुलूप, मोठं, आळेफाट्याचं. आणि आतून टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतल्या सासूचा आवाज येत होता. मामी कुलूप लावून मागच्या दारानं आत गेली असणार.

मी हाक मारणार तेवढ्यात आईनं माझा दंड धरला.

"बस गुमान," ती म्हणाली. "जाहिरात लागंस्तोवर दम धर."

आम्ही ओट्यावर बसलो.