दातात दोरा धरून

तिसऱ्यांदा चहा झाला होता. आता पाहुण्याने उठावं असं डोलिनाला वाटत होतं. पण एडिंबराहून आलेला फिनले ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडून बसला होता. लुईस बेटावर नाचाला वाजणारी जिगची एक चाल कुठून आली, एवढंच त्याला हवं होतं.

“शेटलंडची,” शेजारचा टॉर्मोड म्हणाला. तोच ती फिडलवर वाजवायचा. “हिनेच सांगितलंय. तिथल्या एका पोरीकडून ऐकली म्हणे.”

“मग उद्याच्या बोटीने शेटलंड गाठतो,” फिनले म्हणाला. “आजी, शब्द काय होते हो?”

“शब्द नव्हते.”

“विसरली असेल,” टॉर्मोड म्हणाला. “काल मीठ कुठे ठेवलं ते आठवत नाही हिला.”

“तुला चाल तरी कुठे धड वाजवता येते?” डोलिना म्हणाली.

चाल एफीची होती, तिच्या तरुणपणीच्या मैत्रिणीची. दोघी बंदरोबंदरी हेरिंग मासळी साफ करायला जात. सुरी लागू नये म्हणून पहाटे बोटांना चिंध्या बांधायच्या. दोऱ्याचं टोक दातात धरून गाठ मारायची. एफी त्या मिटल्या तोंडानेच गुणगुणायची. दहा बोटं, दहा गाठी. एके वर्षी चिंधी सरकली, बोट कापलं, चिघळलं. एफी यार्मथच्या बंदरातून परत आली नाही.

पुढे एका लग्नात डोलिना नकळत तीच चाल गुणगुणली. टॉर्मोडने विचारलं, कुणाची? समोर एफीची आई बसली होती. इथे घरची चालसुद्धा कुणी आपली म्हणत नाही, कुठेतरी ऐकली म्हणतात. डोलिनानेही तेच म्हटलं. त्या आईसमोर एफीचं नाव घेण्यापेक्षा सोपं होतं ते.

आता एफीची आई नव्हती. एफीची आठवण असलेलं दुसरं कुणीच नव्हतं.

“शेटलंडला जाऊ नकोस, बाळा,” ती म्हणाली. “खोटं सांगितलं मी. चाल एफीने केली. इथल्याच एफीने.”

टॉर्मोडने कप खाली ठेवला. “अगं, चाळीस वर्षं मी गावोगाव शेटलंड सांगत फिरलो.”

“मग आता चाळीस वर्षं एफी सांग.”

“तेवढा जगतोय कुठला मी.”

“जगशील तेवढं सांग.”

फिनलेने यंत्र सुरू केलं. “नाव सांगा, आजी. पूर्ण.”

“एफी,” डोलिना म्हणाली. “डोनाल्डची मुलगी. नीलची नात.”

एवढं म्हणायला तिला तीनदा थांबावं लागलं.