एका चुलीवरचं

डोंबिवलीला गाडीतून उतरून कोपर गावाच्या अंगानं बांधाबांधानं चालत गेलं की खाडी लागायची. खाडीत ते बेट होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि जे सांगायचंय त्यात त्यांचा काही दोष नाही.

बेटावर कोळ्यांची चाळीसेक घरं, गोड्या पाण्याची एक विहीर, एक देऊळ आणि देवळाच्या पडवीत लोकल बोर्डाची शाळा. त्या शाळेची मी एकटीच मास्तरीण. वय एकोणीस. माझ्याआधी दोन मास्तर येऊन गेले होते. दुसऱ्यानं तर महिनाभरात बदली करून घेतली होती. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी कल्याणातल्या आमच्या आळीत मुलीनं नोकरी करणं हीच मोठी गोष्ट होती. त्यात खाडीपलीकडे एकटीनं राहायचं. पण वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि भाऊ अजून कॉलेजात होता, त्यामुळे आमच्या घरातली तत्त्वं तेवढ्यापुरती सैल झाली.

तेवढ्यापुरतीच. दर शनिवारी अर्धी शाळा करून मी घरी यायची. आई मला मागच्या दारानं न्हाणीघरात पाठवायची. डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मग पानावर बसलं की चौकशी.

"पाणी कुणाचं पितेस तिथं?"

"विहिरीचं."

"ते कळलं. कुणाच्या हातचं?"

"माझं मी शेंदते," मी सांगायची. पहिले दोन-तीन महिने ते खरंही होतं.

देवळाला लागून एक घर होतं. त्याच्या मागच्या खोलीत माझी सोय केली होती. घरात एक म्हातारी आणि तिची सून. म्हातारीचा मुलगा रेतीच्या गलबतावर होता, तो दहा-दहा दिवस घरी नसायचा. सून माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असेल. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि त्याबद्दल विहिरीवर बायका काय बोलतात ते ती मला नकला करून दाखवायची. तिला नकलांचं वेड होतं. एकदा शाळा तपासायला साहेब आले. होडीतून उतरताना ते गुडघ्यापर्यंत गाळात रुतले आणि एक बूट आतच राहिला. त्यांनी तशीच, एक पाय अनवाणी, मुलांची तोंडी परीक्षा घेतली. साहेबांची पाठ वळल्यावर तिनं एका पायावर उभं राहून मला विचारलं, "सांगा बाय, हिंदुस्थानात नद्या किती?" मी इतकी हसले की पडवीच्या खांबाला धरून खाली बसले. आमच्या घरात मुली असं हसत नसत.

गाळात चालायला तिनंच मला शिकवलं. टाच टेकवायची नाही, पाय उभा टाकायचा नाही, आणि थांबायचं तर मुळीच नाही. मी तिला वाचायला शिकवायचं ठरवलं, पण तिनं पाटी बाजूला सारली. "मला वाचून काय करायचंय? तुमी वाचा, मी ऐकते." म्हणून दुपारी शाळा सुटली की ती जाळं विणायला बसायची आणि मी तिला कादंबरी वाचून दाखवायची. तिला कादंबऱ्या फारशा पटत नसत. एकदा हातातली सुई थांबवून ती म्हणाली, "बाय, ह्या पुस्तकातल्या बायका सारख्या रडतात. ह्या काम कवा करतात?" ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

पहिल्या वर्षीच्या भाद्रपदात मला हिवताप झाला. वरून पाऊस आणि खाडीला ओढ, त्यामुळे होडी सुटत नव्हती. कल्याणला निरोप पोचायलाच पाच दिवस लागले. निरोप पोचल्यावर आईनं कोयनेलच्या गोळ्या आणि अंगारा पाठवला. कुणी आलं नाही. भावाची परीक्षा होती.

ते पंधरा दिवस त्या दोघींनी माझं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. ओकाऱ्या, कपडे, मागच्या पडवीत धरून नेणं. थंडी भरून आली की सून मला पाठीमागून घट्ट धरून बसायची, दात वाजायचे थांबेपर्यंत. ताप उतरला तेव्हा माझ्यात उठून बसायचं बळ नव्हतं आणि पेज पोटात ठरत नव्हती. म्हातारी एका वाटीत काहीतरी घेऊन आली. तिखटाचा नि लसणीचा वास.

"काय आहे?" मी विचारलं.

म्हातारी सुनेकडे बघायला लागली. सून म्हणाली, "औषध हाय."

मला कळलं होतं. गाळातल्या निवट्यांचं, त्या बोटभर मासळीचं, कालवण होतं ते. सकाळी ती कमरेला टोपली बांधून गाळात उतरलेली मी खिडकीतून पाहिली होती. वाटी तोंडाला लावताना मी डोळे मिटले, पण नाक दाबलं नाही. ते पोटात ठरलं.

आजारात खाल्लं, त्याला कुणी काही म्हणणार नाही. पण मी बरी झाल्यावरही खाल्लं, हे इथे लिहून ठेवते. माझी चूल मी पेटवायचीच बंद केली. शाळा सुटली की सरळ त्यांच्या चुलीपुढे जाऊन बसायची. "आज काय?" म्हणून विचारायची. कोळंबी, चिंबोरी, सुका जवळा, तांदळाची भाकरी. चिंबोरीची नांगी दातानं फोडायची तिनं दाखवली. म्हातारी म्हणायची, "बामनाची पोर, पन आमच्याहून साफ खाते." माझ्या अंगावर मांस आलं. शनिवारी घरी गेले की आई कौतुकानं म्हणायची, "तिथली हवा मानवली हो तुला." मी मान हलवायची आणि न्हाणीघरात जायची.

दोन वर्षं अशी गेली. मग माझं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचाच, मुंबईत सरकारी कचेरीत कारकून. घरचे कर्मठ. सासूबाई सोवळ्याशिवाय देवाला हात लावत नसत, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत आईला विचारलं होतं, "त्या बेटावर मुलगी राहायची, तर जेवणखाण?" आई म्हणाली होती, "स्वतःची चूल होती तिची. कडक आहे ती त्या बाबतीत." मी तिथेच बसले होते. पोह्यांच्या बशा उचलून मी आत गेले.

लग्नाआधी माझी कल्याणच्या मुलींच्या शाळेत बदली झाली. बेटावरून निघताना तिला तारीख सांगितली, घर कुठे तेही सांगितलं. पत्रिका दिली नाही. घरून आणलेल्या पत्रिका संपल्या, असं म्हणाले. संपल्या नव्हत्या. ती म्हणाली, "मला कुठं वाचता येते! मी येईन." आणि मी मनात म्हटलं, इतक्या लांब कशाला येतेय.

ती आली. घरापुढच्या अंगणात मांडव होता, अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगतीची पानं मांडत होते. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा भरगच्च वळेसर, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं. एकटीच होती. पहाटे होडीनं निघून गाडीनं आली होती. हातात कागदात बांधलेलं लुगडं आणि वर नारळ. मांडवात सरळ माझ्यापाशी आली, माझ्या गालांवरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि हळूच म्हणाली, "बाय, मासली नाय आनली हां. मला कलते तेवढं." मला हसू आलं. खरंच आलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

माझ्याआधी तीच बोलली. फार अभिमानानं बोलली. "मी हिची मैतरीन. दोन वरसं एका चुलीवरचं खाल्लं आमी."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांच्या पलीकडे बसलेल्या दोघी-तिघी बोलता बोलता थांबल्या. पाच पावलांवर आई फुलांचं तबक घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच सगळं समजलं असावं, कारण तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं, नुसती भीती होती.

"खरं का गं हे?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हातचं जेवायचीस तू?"

मी म्हणाले, "नाही हो. काहीतरीच. शाळेत झाडलोटीला यायची ही."

कुणी मला असं बोलायला शिकवलं नव्हतं. 'जेवत नव्हते' एवढं म्हणून भागलं असतं. ते पुढचं वाक्य माझं मलाच सुचलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे वळून ती म्हणाली, "व्हय. झाडायलाच जायची मी. बोलन्यात चूक झाली. आमी अडानी मानसं." पुडकं आणि नारळ तिनं मांडवाच्या खांबाशी ठेवलं. आई घाईघाईनं म्हणाली, "अगं, बुंदी तरी घेऊन जा, मागच्या दाराला ये." ती थांबली नाही. गर्दीतून वाट काढत फाटकाबाहेर गेली. मी बसून राहिले. मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, नवरा शेजारी होता, उठणार कशी, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. उठता आलं असतं.

पुडक्यातलं लुगडं आईनं भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकलं. पाडव्याला माहेरी गेले तेव्हा ते तिच्या अंगावर पाहिलं. अंजिरी रंगाचं, रुंद काठाचं होतं. मला अंजिरी रंग आवडतो, हे बेटावर कधीतरी मी बोलले असेन.

पुढच्या मे महिन्यात सासरी 'माहेरी जाते' म्हणून आणि माहेरी काहीच न सांगता मी बेटावर गेले. होडीवाल्यानं ओळखलं, शाळेला नवा मास्तर आल्याचं सांगितलं. ती घरी होती. मांडीवर दीड-दोन महिन्यांची मुलगी. म्हातारी आतल्या खाटेवर झोपली होती. मला बघून ती मांडीवरच्या मुलीला घेऊन उठली, नवी चटई अंथरली, "बसा बाई" म्हणाली. पूर्वी ती मला बाय म्हणायची. बाई हे साहेबांसमोरचं होतं.

मी मुलीला घेतलं. मुलगी छान होती, आईच्या वळणाची. नवऱ्याची, म्हातारीची, मासळीची चौकशी झाली. उन्हातून आले होते. घशाला कोरड पडली होती. मी म्हणाले, "पाणी दे गं."

"होडीवाल्याला विहिरीवर पाठवते. तो शेंदून आनेल."

"तुझ्या घरातलं दे."

"कशाला बाई? तिकडं कुनी विचारलं तं परत खोटं बोलायला लागेल."

ती हे टोचून बोलली नाही. एखादीला बाहेर ऊन आहे, डोकीवर पदर घ्या म्हणावं, तसं म्हणाली. मी रडायला लागले. माझं चुकलं म्हणाले, लग्न मोडलं असतं म्हणाले, वडील अंथरुणाला खिळलेले, आई, भाऊ, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मुलगी माझ्याकडून काढून घेतली आणि पदराखाली घेतली.

"तुमचं काय चुकलं? तुमाला लगीन करायचं व्हतं." तिनं मुलीवरचा पदर सारखा केला. आणि एकदम, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय म्हनायचं तं नाय म्हनायचं. चाकरीन कशाला केलीस मला?"

दोन वर्षांत तिनं मला कधी एकेरीत बोलली नव्हती. ओहोटी लागली की होडी काठाला लागत नाही, म्हणून होडीवाला बाहेरून हाका मारायला लागला. ती दारापर्यंत आली, काठापर्यंत आली नाही. गाळातून होडीकडे जाताना मी न थांबता चालले.

मी पुन्हा गेले नाही. जाता आलं नाही असं नाही. कल्याणहून तो सारा दोन-अडीच तासांचा रस्ता. शाळा, दोन मुलं, सासूबाईंचं दुखणं, कारणं रोजच मिळत गेली.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. सासूबाई वारल्या होत्या. एका रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि नवरा आरामखुर्चीत पेपर वाचत होता. कशावरून विषय निघाला ते आठवत नाही, पण मी त्यांना सगळं सांगितलं. हिवताप, निवट्या, मांडव, खोटं बोलणं, सगळं. आता हे काय म्हणतील, घरात ठेवतील का, इथपर्यंत माझी तयारी होती.

त्यांनी पेपर खाली घेतला आणि हसायला लागले.

"एवढंच? अगं, मी लग्नाआधीपासून फोर्टात इराण्याकडे आम्लेट खातो. आमच्या कचेरीतले अर्धे खातात. आईला माहीत नव्हतं इतकंच."

"तुम्ही तिथे बसला होता," मी म्हणाले. "शेजारी. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं की. मला वाटलं, उगाच मांडवात बायकांच्या बोलण्यात कशाला पडा." ते पुन्हा पेपरकडे वळले, आणि मग पेपराआडून म्हणाले, "पण काय गं, कशा लागतात त्या निवट्या?"

मी सूप घेऊन आत गेले. त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. मी कशानं रुसले, ते त्यांनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. आजतागायत त्यांना वाटतं की मला आम्लेटाचा राग आला होता.