किसन मिस्त्रीचं ‘न्हाई’

किसन मिस्त्री दिवसातून कितीदा तरी एकच शब्द म्हणायचा, आणि तो ऐकायला त्याची थोरली बहीण कुरुळीहून चाकणपर्यंत पायी यायची. डोक्यावर मेथीची पाटी. आमच्या तंबूच्या मागे, मशीनच्या खोपटाच्या दारात ती उभी राही आणि विचारी, "किसना, कोण बोललं?" किसन हातातलं रीळ खाली ठेवायचा. मान कलती करून खरोखरीच कानोसा घ्यायचा. मग म्हणायचा, "न्हाई, आक्का." एवढंच. तिचा आक्रसलेला चेहरा सैल पडायचा आणि ती बाजारात जाऊन बसायची.

आम्ही म्हणजे एक टुरिंग टॉकीज. चाकणचा मुक्काम हलला की चिंचवड, चिंचवडहून पिंपरी. पिंपरीला तेव्हा निर्वासितांची वसाहत नुकती कुठे रुळत होती आणि कारखान्याची धुराडी चढत होती. मी तिथला मॅनेजर. मॅनेजर म्हणजे तिकिटं फाडायची, कुत्री हाकलायची आणि मालकाच्या शिव्या खायच्या. किसन आमचा ऑपरेटर. मशीन, इंजिन, भोंगे सगळं त्याच्या ताब्यात. उंच, काळासावळा, कानात भिकबाळीचं बुजलेलं भोक, आणि बोलणं असं की वाटावं, शब्दांना जकात पडते.

आक्काच्या कानात माणसं बोलत. आज डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. तेव्हा ‘बाहेरचं’ म्हणत आणि लिंबू उतरवत. नवऱ्यानं सोडली, भावानं घेतली. किसननं लिंबू-बिंबू काही केलं नाही. त्यानं एकच केलं. तिला खरं सांगायचं ठरवलं. कुणी बोललं नसेल तर "न्हाई". आणि खरंच कुणी हाक मारली असेल तर "हाय आक्का, न्हाव्यानं हाक मारली." मी एकदा म्हटलं, "अरे, नेहमीच नाही म्हण की. कशाला तो कानोसा?" तर माझ्याकडे असं पाहिलं की मी तिकिटं मोजायला लागलो. मग सावकाश म्हणाला, "मॅनेजर, येकदा जरी खोटा ‘न्हाई’ दिला, तर पुढचा येक बी ‘न्हाई’ चालायचा न्हाई. बंदं नाणं हाय ते."

त्या नाण्यावर आक्कानं पाच-सात वर्षं निभावली. बाजारात तिला कुणी छेडत नसे. मेथी निवडता निवडता मध्येच ती कुणाला तरी "गप रं" म्हणे, गिऱ्हाईक हसून पैसे देई, संपलं. चाकणच्या लोकांना त्यात काही पाहण्यासारखं वाटत नव्हतं.

मग तो आला.

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव छापून यावं ह्याचीच त्याला जन्मभर हाव होती, आणि ती माझ्या हातून पुरी व्हायची नाही. पुण्याचा. कुठल्या स्टुडिओचा नोकर नाही, मी स्वतंत्र कलावंत आहे, असं दर दोन वाक्यांनंतर सांगायचा. किल्ल्याचा बुरूज, कांद्याचा बाजार, खऱ्या मातीतलं चित्र काढायचं म्हणून कॅमेरा आणि तीन पोरसवदा मदतनीस घेऊन उतरला. किसन त्या दिवशी इंजिनाचा भाग आणायला पिंपरीला गेला होता आणि मी त्याच्याबरोबर. आम्ही तिथे नव्हतो, एवढंच ह्या सगळ्यातलं आमचं दुर्दैव.

झालं काय, ते आम्हाला बाजारातल्या कांदेवाल्यानं सांगितलं. ह्या गृहस्थानं आक्काला हेरलं. "बाई, देवीचं चित्र काढायचंय, केस मोकळे सोडा," म्हणाला. देवीचं म्हटल्यावर ती बिचारी तयार झाली. तिला बुरुजापाशी उभी केली. मग एक मदतनीस डाव्या दगडाआड, एक उजव्या, एक मागे. तिघांनी आळीपाळीनं तिला तिच्या नावानं हाका मारायच्या आणि दडायचं. "ए चंद्रा! इकडं बघ!" ती इकडे वळली की तिकडून. ती गरगर फिरत राहिली, केस तोंडावर, आणि विचारत राहिली, "कोण बोललं? कोण बोललं?" समोर कॅमेरा चालू. कांदेवाला म्हणाला, "आमाला वाटलं, नाटकच हाय." चाकणच्या लोकांना काहीही नाटकच वाटतं. असो. त्यांचाही हिशेब पुढे झाला.

चित्र पुरं होऊन फिरत फिरत आमच्याच तंबूत लागलं. मालकानं आणलं, त्याला काय ठाऊक! किसननं रीळ चढवलं. मी दारापाशी उभा. मध्यावर ती आली. पडदाभर आक्का. केस सुटलेले, डोळे फिरलेले, आणि वरून खदाखदा हसण्याचा आवाज, घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा. आक्का तशी कधीच हसली नव्हती. मुळात ती फार हसायचीच नाही. मी धावत खोपटात गेलो. किसन भोकातून पडद्याकडे बघत होता. "मडक्यात त्वांड घालून हसलंय कुनीतरी," तो म्हणाला. "माझ्या भनीच्या त्वांडावर चिकटिवलंय." मशीन मात्र थांबवलं नाही. लोक हसत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाजारात पोरं आक्कामागे ओरडायला लागली, "कोण बोललं?" पोरं म्हटलं तर आपण क्षमा करतो. पण शहाणेसुरते बाप्ये, मिशीला पीळ देणारे, तेही दगडाआडून ओरडत. आक्का धावत खोपटात यायची. "किसना, कोण बोललं?" किसन कानोसा घ्यायचा आणि त्याला म्हणावं लागायचं, "हाय, आक्का." पुन्हा यायची. "हाय, आक्का." त्या आठवड्यात मी त्याच्या तोंडून जेवढे ‘हाय’ ऐकले तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत ऐकले नव्हते. कानातली माणसं आणि बाजारातली माणसं एकच बोलायला लागली, आता तिनं झाडावं कुणाला? तिनं पाटी उतरवून ठेवली. कुरुळीच्या घरात आतल्या अंगाला पोत्यावर बसली ती बसलीच. दार उघडं दिसलं की अंग चोरायची. अंगणात यायचीसुद्धा नाही.

किसन मला म्हणाला, "त्येनं माझा ‘न्हाई’ चोरला, मॅनेजर."

चोराला लोक पोलिसात देतात. हा चोर तर हारतुरे घ्यायला येणार होता. चित्र चाकणला फार चाललं म्हणून मालकानं त्याचा सत्कार ठेवला. हे कळल्यावर किसनला मी पहिल्यांदा खुशीत पाहिला. तो शीळ घालत भोंगे पुसत होता. मी विचारलं, "काय बेत आहे?" तर म्हणाला, "कायबी न्हाई. सायबानला त्यांचंच चित्र दावायचं. फकस्त आवाज माझा." मी काही संत नाही. मी म्हटलं, मला काय करायचं ते सांग.

आमच्याकडे दोन भोंगे होते. एक पडद्याशेजारी, दुसरा मागच्या खांबावर, गावात ओरडायचा. किसननं दोन्हींच्या तारा अशा ओढल्या की माईकचा आवाज वाटेल तेव्हा पुढून, वाटेल तेव्हा मागून काढता यावा. बदलायचा खटका माझ्या हाती दिला.

संध्याकाळचा पहिला खेळ. पाहुणे पुढच्या खुर्चीवर, गळ्यात हार, शेजारी पाटील आणि मालक. भाषणात म्हणाले, "वेड म्हणजे काय, हे मी प्रथमच पडद्यावर आणलं." टाळ्या. दिवे गेले. आक्काचा प्रसंग आला आणि किसननं चित्राचा आवाज बंद केला. भिंगही थोडं फिरवलं. पडद्यावरच्या माणसांचे डोळे-तोंड विरघळून नुसती पिठाची बुजगावणी उरली. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात मागच्या खांबावरून, अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसं:

"सायेब."

तो वळला. मागे कुणी नाही. मी खटका ओढला. पुढून:

"मागं काय बगताय? समदी तुमच्याकडंच बगत्यात."

लोक हसले. किसन थांबला नाही, आवाजही चढवला नाही. "सायेब, पाणी पिऊ नगा, त्यात काय टाकलंय कुनाला ठावं. सायेब, हार कुनी घातला? त्यानंच. कॉलर सरळ करू नगा. केली. बगा, केली. समद्यांनी बगितलं." एकदा मागून, एकदा पुढून, एकदा मधेच नुसता श्वास. साहेब उठले, बसले, कॉलरला हात नेला, मागे घेतला. मालक उठून ओरडला, "किसन, हरामखोरा!" तर भोंगा म्हणाला, "मालक बी त्येंच्यातलेच हायती, सायेब."

मग भोंगा लोकांकडे वळला. "तू हासलास. मधल्या खांबापाशी. पटका काढलास व्हय? वळखू येतोस तरीबी. नाव घिऊ?" हसणं असं तुटलं की इंजिनाची धडधड ऐकू यायला लागली. कुणी कुणाकडे बघेना. बायकांच्या बाजूला एक मूल रडायला लागलं, त्याला आईनं पदराखाली घेतलं. "वेड बगायला आलावता न्हवं? त्ये दिसत न्हाई. त्ये आसं वाजतं. आन् खेळ सुटला तरी सुटत न्हाई."

लोक उठले. धक्काबुक्की नाही, ओरडा नाही. मान खाली घालून निघून गेले. पटकेवाला तर कनातीखालून सरपटत गेला. पाहुण्यांचा हार खुर्चीला अडकून तुटला. मला केवढं गोड वाटलं म्हणून सांगू! आजही वाटतं.

परवा नातीनं वाकडच्या तिच्या फ्लॅटमध्ये मला एक सिनेमा दाखवला. चार मित्रांनी पदरमोड करून काढलेला, असाच आजार झालेल्या मुलीचा. कुठे किंचाळणं नाही, केस मोकळे नाहीत. पंख्याचा आवाज हळूहळू बोलायला लागतो, चेहऱ्यांच्या कडा पुसट होतात. नात म्हणाली, "आजोबा, आवाजाचा असा वापर किती नवा आहे ना?" मी म्हटलं, हो बाई, फार नवा. तिच्या मित्रांविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी त्या मुलीची परवानगी घेतली होती म्हणे.

मालकानं त्या खेळाच्या रात्रीच आम्हा दोघांनाही हाकललं. किसनला त्याचं काही नव्हतं. "हात हायती," म्हणाला. पुढे तो कारखान्यात फिटर झाला आणि तिथेच म्हातारा झाला. आक्का त्याच्या आधी गेली, तोही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण ते नंतरचं. मला सांगायची आहे ती सत्कारानंतरची सकाळ.

मी कुरुळीला किसनच्या अंगणात बसलो होतो. पुढे पोटाला काय करायचं, ह्याचा हिशेब चालला होता. आणि बघतो तो साहेब दारात! मला वाटलं, पोलीस घेऊन आला. पण स्वारी एकटीच, डोळे लाल आणि तोंडभर हसू. "मिस्त्री! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय इफेक्ट होता! मी घामाघूम झालो. हाच आवाज मला पाहिजे. पुढच्या चित्रात तुम्ही साउंड करायचा. आणि बाईंनाही घेऊ. ह्या वेळी अगदी खरं करू."

आम्ही त्याला भाजून काढला आणि ह्यानं ती धग शेकोटीसारखी घेतली. असल्या माणसावर सूड उगवायचा तरी कसा? त्याला लाज असती तर ती दुखली असती.

तेवढ्यात आतून खुडबुड झाली. तो आवाज आक्कानं ओळखला असणार. ह्याच आवाजानं तिला देवीचं सांगितलं होतं. चौकटीला धरून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. साहेब तिला पाहून उजळले. "या, बाई, या!"

ती त्याच्याकडे बघत होती. सरळ त्याच्याकडेच.

"किसना," ती म्हणाली, "कोण बोललं?"

किसननं मान कलती केली. कानोसा घ्यायला त्याला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"न्हाई, आक्का."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ?"

मी साहेबांच्या कोटाची बटणं मोजता येतील इतका जवळ होतो. "कुणीच नाही, आक्का," मी म्हणालो.

तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. कोपऱ्यातला खराटा तिनं उचलला, उंबरा ओलांडून अंगणात आली आणि झाडायला लागली. "अहो, काय चाललंय? मी इथे उभा आहे ना!" साहेब ओरडले. खराटा त्यांच्या बुटांवरून गेला. ते एकदम मागे सरले, मग आणखी मागे. धूळ त्यांच्या विजारीवर, मग तोंडावर.

"आजून बोलतोय रं," आक्का म्हणाली.

"बोलू दे. दमला की जाईल."

फाटकापर्यंत झाडून तिनं कचरा बाहेर लोटला आणि फाटक ओढून घेतलं. मग आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं, तिघांपुरतं.