जान्हवीच्या भारोभार गूळ

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुली आपापल्या घरी सुखात होत्या आणि एकुलता एक एकनाथ वाकडला फ्लॅट घेऊन राहायला गेला. तेव्हा मुळशीतल्या नांदे गावच्या रंभाबाईंकडे राहिलं काय, तर पुढची ओसरी आणि मागच्या भाड्याच्या खोल्या. खोल्यांतली माणसं सकाळी हिंजवडीला जायची, ती अंधार पडल्यावरच परतायची. भाडं परस्पर एकनाथच्या मोबाइलवर जमा व्हायचं. त्यामुळे महिन्यातून एकदा दारात येऊन ‘आजी, बरं आहे ना?’ विचारणारंही कुणी उरलं नाही. रंभाबाईंचं तोंड उघडायचं ते देवापुढे दिवा लावताना, नाहीतर कोंबड्या हाकलताना. एकदाच भाकऱ्या थापायच्या आणि दोन वेळा त्याच खायच्या, असं चाललं होतं.

मग परभणीकडचे मनीष आणि सायली कडेच्या खोलीत राहायला आले. त्यांची जान्हवी तेव्हा नुकती चालायला लागलेली. सायलीचं काम घरातूनच, लॅपटॉपवर. एक दिवस ती पोरीला घेऊन ओसरीवर आली, अगदी संकोचून.

“आजी, अर्धा तास बघता का हिला? मीटिंग आहे.”

“ठेव की. ती काय मला खातीया?”

त्या अर्ध्या तासाची दुपार झाली आणि दुपारची संध्याकाळ. पोर दूधभाकरी खायची ती रंभाबाईंच्याच हातची. रंभाबाई दोन वेळा चूल पेटवायला लागल्या. शेजारची शारदा म्हणायचीसुद्धा, “मावशी, अलीकडं तुमचा आवाज आमच्या घरापत्तोर येतुया. आधी वाटायचं घरात हायेत का न्हाईत.”

मनीषची तक्रार वेगळीच होती. “आजी, तुम्ही आमच्या पोरीला पार मुळशीची करून टाकली. काल मला म्हणते, पप्पा, हितं बसू नगा, कोंबडी बसलीया.”

“मंग? बसलावता का तुमी?”

“बसलो ना. म्हणून तर सांगतोय.”

पोर तीन वर्षांची झाली आणि तिला डेंग्यू झाला. आईबाप दवाखान्यात, खोलीला कुलूप. एकनाथने फोनवर सांगितलं, “आई, तितं गर्दी करू नगंस, आत सोडत न्हाईत.” रंभाबाईंनी हातपाय धुतले आणि अनवाणी भैरोबाच्या देवळात गेल्या. तिथे त्या बोलून बसल्या, पोर बरी होऊ दे, जत्रंला तिच्या भारोभार गूळ तुला वाहीन.

गुरव कोंडिबा तिथेच समया पुसत होता. तो म्हणाला, “वयनी, दुसऱ्याच्या लेकराचा नवस बोलायच्या आधी आईबापाला इचारावं.”

“इचारायला येळ कुटं हाय?” त्या म्हणाल्या.

पोर बरी झाली. पण चैत्रातली जत्रा यायच्या आधीच मनीषला भूगावच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. सामान टेम्पोत चढलं तेव्हा रंभाबाईंनी सायलीला बाजूला घेऊन नवसाचं सांगितलं. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आजी, आम्ही नक्की येऊ,” ती म्हणाली, आणि मनापासूनच म्हणाली.

त्या वर्षी मनीषचं ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं. पुढच्या वर्षी परभणीला लग्न होतं. सुरुवातीला रोज येणारे फोन सणावारी यायला लागले. यात कुणाचं काही चुकलं, असं रंभाबाई कधी म्हणाल्या नाहीत. पण रोज दिवा लावताना हात जोडले की त्यांना चोरट्यासारखं व्हायचं. देवाने आपलं काम केलं होतं. राहिलं होतं ते त्यांचं.

तिसऱ्या वर्षी, जत्रा दोन दिवसांवर असताना, त्या स्वतःच बस बदलत भूगावला गेल्या. सायलीने दार उघडलं, वाकून पाया पडली, खुर्ची दिली.

“जानू, ओळखलंस का? नांद्याची आजी.”

चित्र रंगवत बसलेल्या पोरीने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. केवढी उंच झाली होती. रंभाबाईंनी जत्रेचं सांगितलं, पारड्याचं सांगितलं.

“सगळ्यांसमोर बसायचं? त्या काट्यात?” जान्हवी उठून आईच्या मागे गेली. “मला नाही बसायचं.”

“पाळण्यावानी असतंय बाई.”

“मला नको.” तिचा आवाज रडवेला झाला.

सायली रंभाबाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, “आजी, खरं सांगा. नवस फेडला नाही तर हिला काही होत नाही ना? होणार असेल तर मी कशीही आणते. रडली तरी आणते.”

रंभाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ‘देवाचं हाय बाई, काय सांगावं’ एवढंच त्या बोलल्या असत्या, तरी परवा सायली पोरीला घेऊन नांद्यात हजर झाली असती. नवस फिटला असता. पोर एक दिवस का होईना, ओसरीवर असती.

“काय होत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “नवस मी बोलले, तिनं न्हाई. देणं माझं हाय. आन पोरीला रडवून दिल्याला गूळ देवाला काय गोड लागणार हाय?”

सायलीने सुटकेचा निःश्वास टाकला. तो रंभाबाईंनी ऐकला. “चहा टाकते,” सायली म्हणाली, आणि त्यांनी तो पिऊन घेतला.

जत्रेच्या दिवशी देवळापुढे मोठा तराजू टांगला होता. नवसाची लेकरं नवे कपडे घालून रांगेत उभी होती. रंभाबाई गुळाच्या ढेपा घेऊन आल्या, बरोबर कणगीतलं घरचं भात आणि एक रिकामं पोतं.

“पोर कुटं हाय?” कोंडिबाने विचारलं.

“न्हाई आली.”

“मंग तोलायचं काय?”

“ह्यात भात भर. मी सांगते किती ते.”

कोंडिबाने भात ओतलं. रंभाबाईंनी पोतं उचलून कडेवर घेतलं, जरा थांबल्या आणि खाली ठेवलं. “हलकं हाय. घाल आजून.” पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. “आजून वाईच.” तिसऱ्यांदा कडेवर घेतलं तेव्हा त्यांची कंबर आपोआप एका अंगाला झुकली आणि हात पोत्याखाली नीट बसला. “बास,” त्या म्हणाल्या.

“वयनी, पोर आता लई मोठी झाली आसंल की.”

“बोलले तवा एवढीच व्हती. आताची मला कुटं ठाव हाय?”

पोतं पारड्यात ठेवायला कोंडिबाने दोन्ही हात पुढे केले. मागच्या रांगेत एक लेकरू कंटाळून रडायला लागलं होतं.

“द्या हिकडं, वयनी. लोकं खोळंबल्यात.”

“देते,” रंभाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पोतं दुसऱ्या कडेवर घेतलं.